बालशिक्षिकांना शिकविणारे कोठून येतात?

वैद्यकाच्या कॉलेजात शल्यक्रिया शिकविणाऱ्या अध्यापकाने स्वतः शस्त्र हाती धरलेले असते. कायद्याच्या वर्गावर येणारे पुष्कळसे अध्यापक कोर्टाची पायरी चढून आलेले असतात. सुतारीच्या शाळेतील मिस्त्रीला रंधा धरता येत नसेल, तर ती गोष्ट विद्यार्थ्यांच्या दुसऱ्याच दिवशी ध्यानात येईल व तिसऱ्या दिवशी त्याचा मान राहणार नाही. जो धंदा शिकवावयाचा तो आधी केलेला असावा, हा नियम लोकांनी इतका सहज मान्य केला आहे की त्याची चर्चाही कोणी करीत नाही. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षिका ज्या संस्थांतून तयार होतात, त्या संस्थांतील अध्यापकांविषयी हाच प्रश्न विचारला, तर उत्तर इतके सरळ मिळत नाही. ह्या मंडळींनी लहान मुलांत कधी दिवस काढले होते काय? की हायस्कुलातील वर्ग, तेथून बी. टी. किंवा बी. एड.ची पदवी, तेथून एम. एड., आणि तेथून एकदम बालशिक्षणावरील व्याख्याने, असा त्यांचा प्रवास झाला?

हा प्रश्न केवळ नोकरीच्या नियमांचा नव्हे. बालवर्गातील शिक्षिका जशी शिकविली गेली तशीच ती मुलांना शिकविते. तिला वर्षभर फळ्यासमोर बसवून टिपणे उतरवून घ्यावयास लावले, तर तीही साडेतीन वर्षांच्या मुलास हाताची घडी घालून बसावयास सांगते. त्यात तिचा दोष थोडा आहे. तिने जे पाहिले तेच ती करते.

बालशिक्षणाच्या इतिहासाकडे नजर टाकली असता प्रथमच एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ह्या शास्त्राचे जे आद्य गुरू, त्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच वाटेने इकडे आलेले होते. किंडरगार्टन हे नाव ज्याने १८४० साली रूढ केले, तो जर्मन शिक्षक फ्रेडरिक फ्रोबेल तरुणपणी जंगलखात्याच्या कामाची उमेदवारी करीत होता. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझीच्या शाळेत तो दोन वर्षे राहिला, लढाईवर गेला, आणि परत येऊन बर्लिन येथे खनिजांच्या संग्रहालयात स्फटिकांचा अभ्यास करीत बसला. त्याच्या प्रसिद्ध ‘देणग्या’ पाहिल्या की ह्या पूर्वायुष्याची खूण पटते. पहिल्या देणगीत लोकरीचे रंगीत चेंडू. दुसरीत गोल, घन व दंडगोल. तिसरीत आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. स्फटिकाच्या पैलूंकडे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या मनुष्यासच मुलाच्या हातात असा घन द्यावा असे सुचेल. अखेरच्या वर्षांत त्याने तरुण स्त्रियांना ही विद्या शिकविण्याचे काम हाती घेतले, व १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली तेव्हा ह्याच स्त्रियांनी ती विद्या परदेशी नेऊन जगविली.

पण येथेच एक धोका उत्पन्न झाला. गुरूने जे शोधून काढले, ते शिष्यांनी पाठ केले. चेंडू कोणत्या दिवशी काढावयाचा, घनाचे तुकडे कोणत्या क्रमाने मांडावयाचे, त्या वेळी कोणते गाणे म्हणावयाचे, ह्याचे सोवळे इतके कडक झाले की पोथी उरली व मूल बाजूस पडले. अमेरिकेत हे सोवळे मोडण्यात पुढाकार घेणारी बाई म्हणजे पॅटी स्मिथ हिल. केंटकी संस्थानातील लुईव्हिल येथे तिने किंडरगार्टनचे शिक्षण घेतले, तेथेच मुलांत पुष्कळ वर्षे काम केले, व मग ती न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात शिकवावयास गेली. कोलंबियासारख्या विद्यापीठात ती पूर्ण प्रोफेसर झाली. मात्र अभ्यास करून मिळविलेली विद्यापीठाची पदवी तिच्यापाशी नव्हती. १९२९ साली त्याच विद्यापीठाने तिला सन्मानाची डॉक्टरेट दिली. वाढदिवसाला आज जगभर जे इंग्रजी गाणे म्हणतात, त्याची चाल मूळ ह्या हिलबाईंनी व त्यांच्या बहिणीने बालवर्गातील सकाळच्या नमस्कारासाठी केलेल्या गाण्याची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पंडितांच्या सभेत तिचा शब्द चालला, कारण वादाच्या प्रसंगी तिच्यामागे ग्रंथांपेक्षा मुलांचा पुरावा मोठा होता.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर ह्या विषयाचा आरंभ पंडिता रमाबाईंपासून करावा लागतो. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची ही मुलगी रानावनात व तीर्थयात्रेत संस्कृत शिकली, पुराणे सांगत हिंदुस्थानभर फिरली, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली ती फिलाडेल्फियास गेली. तेथे ह्या विदुषीने काय करावे? ज्या बाईने शास्त्र्यांशी वाद केले, ती किंडरगार्टनच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसली. कागदाच्या घड्या, मातीची फळे, लाकडी ठोकळे हाताळू लागली. तिच्या मनातील हिशेब अगदी व्यवहाराचा होता. बालविधवांना कोणाच्या दारात न बसता पोट भरता यावे, तर त्यांच्या हाती एखादी विद्या हवी. आणि लहान मुलांना शिकविणे ही अशी विद्या आहे. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस तिने शारदासदन उघडले, ते पुढच्या वर्षी पुण्यास आले, आणि तेथे ह्या नव्या पद्धतीने शिकविण्यास प्रारंभ झाला. येथे एक गोष्ट नोंदून ठेवण्याजोगी आहे: संस्कृत पांडित्य अंगी असूनही रमाबाईंनी तेवढ्यावर बालशिक्षणाचे अध्यापन केले नाही. त्यासाठी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

डॉक्टर मारिया मॉंटेसरी ह्यांची हकीकत श्रोत्यांपैकी पुष्कळांना माहीत असेल, म्हणून ती थोडक्यात सांगणे पुरे. त्या रोमच्या विद्यापीठातून १८९६ साली वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. मंदबुद्धीच्या मुलांवर उपचार करताना त्यांना कळून आले की प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे. व ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो ह्या गरिबांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे नेमलेली बाई अध्यापनाचे शिक्षण घेतलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंना ते सोयीचेच वाटले, कारण तिच्या अंगी शाळेच्या जुन्या सवयी नव्हत्या. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांनी शिक्षकांसाठी पहिला अभ्यासवर्ग घेतला, आणि त्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य मुख्यतः शिक्षकांना शिकविण्यात गेले. १९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. युद्धामुळे इटलीची नागरिक म्हणून त्यांना हिंदुस्थानात अडकून राहावे लागले, व त्या काळात अड्यार, कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची अशा ठिकाणी त्यांचे वर्ग झाले. त्या इटालियन भाषेत बोलत व त्यांचे चिरंजीव मारिओ ते इंग्रजीत सांगत. ह्या वर्गांतून हिंदुस्थानात बालशिक्षकांचे शिक्षक होऊ शकतील अशी एक पिढीच तयार झाली.

तथापि अड्यारच्या आधी कितीतरी वर्षे, सौराष्ट्रात भावनगर येथे, हे काम देशी हातांनी सुरू झालेले होते. गिजुभाई बधेका हे वकील. नशीब काढण्यासाठी ते तरुणपणी पूर्व आफ्रिकेस जाऊन आलेले, नंतर मुंबईस कायदा शिकून काठेवाडात वकिली करू लागलेले. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. ह्या मुलास कोणत्या शाळेत घालावे, ह्या विचाराने ते मॉंटेसरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले. १९१६ साली वकिली सोडून ते नानाभाई भट्ट ह्यांच्या दक्षिणामूर्ति संस्थेत दाखल झाले. प्रथम त्यांच्याकडे मोठी मुले होती. तेथे त्यांना दिसून आले की हायस्कुलात मुलगा येतो तोवर भीती, घोकंपट्टी व मार ह्यांनी आपले काम पुरे केलेले असते. सुधारणा करावयाची तर मूळापासून केली पाहिजे. म्हणून १९२० मध्ये बालमंदिर निघाले. आणि शिक्षकांचे अध्यापन मंदिर निघाले ते १९२५ मध्ये. ह्या दोन सनांमधील अंतर फार महत्त्वाचे आहे. पाच वर्षे गिजुभाई मुलांत बसले, गोष्टी सांगितल्या, नाटके केली, मुलांची नखे काढली, केस विंचरले. लोक त्यांना कौतुकाने ‘मिशावाली आई’ म्हणू लागले. आणि ही पाच वर्षे गेल्यानंतर त्यांनी दुसऱ्यांस शिकविण्याचा अधिकार घेतला. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी करणारा मनुष्य मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावयास शिकला, ह्याला पाच वर्षे लागली असतील तर ती फार झाली असे म्हणता येणार नाही.

त्याच भावनगरास १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. त्या प्रार्थनासमाजाच्या वातावरणात वाढलेल्या, १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झालेल्या. स्त्रियांत पदवीधर त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्या असत. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रिन्सिपॉल होत्या. म्हणजे शिक्षिकांना तयार करणे हाच त्यांचा अधिकृत व्यवसाय, पगार चांगला, संस्थानात मान मोठा. परंतु स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे उभा राहिला तेव्हा त्यांना जाणवले की लहान मूल शिकते कसे हे ट्रेनिंग कॉलेजच्या खुर्चीवरून दिसत नाही. खुर्ची सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात गेल्या. आजच्या काळात प्रिन्सिपॉलच्या जागेवरील एखादी व्यक्ती राजीनामा देऊन बालवर्गात सतरंज्या अंथरावयास गेली, तर घरची माणसे काय म्हणतील ह्याची कल्पना कोणालाही करता येईल. १९२० नंतरच्या त्या दिवसांत लोक याहून सौम्य बोलले असतील असे मानण्यास आधार नाही. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई ह्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला व मराठी मुलखात बालशिक्षिकांच्या शिक्षणाला पक्के घर मिळाले. ‘शिक्षणपत्रिका’ हे त्यांचे मासिक पुष्कळ वर्षे हेच काम कागदावर करीत होते.

आणि आता ह्या सर्व मालिकेतील सर्वांत बोधप्रद व्यक्तीकडे वळावयाचे. अनुताई वाघ ह्यांचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले व सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीपुढे दोनच वाटा असत, माजघर किंवा शाळा. त्यांच्या माणसांनी त्यांना शाळेत घातले हे महाराष्ट्राचे भाग्य. फायनल होऊन पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ साली त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यात चांदोरीस शिकवू लागल्या, मग पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत आल्या. दिवसा नोकरी व रात्री अभ्यास करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षाकेंद्र काढले, त्या वेळी त्यांच्यासोबत काम करावयास अनुताई गेल्या. त्या वेळी त्यांची पुंजी एवढीच: मॅट्रिकचा दाखला, प्राथमिक शिक्षिकेचे सर्टिफिकेट, आणि वर्गातील सोळा वर्षे.

बोर्डीस जे घडले ते कोणत्याही कॉलेजच्या अभ्यासक्रमात नव्हते. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरीब वस्तीतील व आदिवासी पाड्यांतील मुले आली नाहीत. थोरली मुलगी घरी असावयाची ती धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी; मुलगा गुरांमागे; आणि अंगावर धड कपडा नाही, तर शाळेत जावे कसे? तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे असे ठरले. बाया पाड्यावर जाऊ लागल्या. झोपड्यांमधील मोकळ्या अंगणात वर्ग भरू लागला. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खरजेला औषध लावणे हा पाठाचाच भाग झाला. ‘अंगणवाडी’ हा शब्द ह्या अंगणातून आला, व १९७५ साली २ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो सबंध देशाचा केला. परदेशी साहित्याच्या लाकडी पेट्या महाग. त्यांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे आले. दंडगोलाच्या लहानमोठेपणावरून जे मुलास समजते ते चिंचोके व गोटे ह्यांवरूनही समजते, हे पटवून देण्यासाठी मूळ साहित्यामागील तत्त्व ज्यास नीट समजले आहे असे डोके लागते, आणि पाड्यावर काय मिळते हे ज्यास ठाऊक आहे असे पायही लागतात. ताराबाईंचे शास्त्र व अनुताईंचा अनुभव अशी ही जोडी होती. एकीवाचून दुसरीचे काम झाले नसते, हे दोघींच्या चाहत्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण चाहते बहुधा एकीचीच बाजू घेतात.

१९५७ साली हे केंद्र डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि बालसेविकांच्या शिक्षणाचेही काम चालले. शिकावयास आलेल्या मुली सकाळी वारली मुलांत असत व नंतर वर्गात बसत. सकाळी जे बिघडले त्याची दुपारी चर्चा होई. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. अनुताईंनी पुढे बी. ए.देखील केले. पण ज्या काळात त्या खऱ्या अर्थाने शिक्षिकांच्या शिक्षिका बनल्या त्या काळात त्या मॅट्रिकच होत्या; आणि आज एखाद्या पदविका-विद्यालयात अध्यापिकेच्या जागेसाठी त्यांचा त्या वेळचा अर्ज आला असता, तर पदव्युत्तर पदवीच्या अटीपाशीच तो बाजूस ठेवला गेला असता.

ह्यावरून पदव्या निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढू नये. तसा अर्थ काढणारे लोक पुष्कळ भेटतात, आणि ते बहुधा आळशी असतात. केवळ अनुभव हा पुष्कळदा एकच वर्ष वीस वेळा घेतलेला असतो. चाळीस मुलांना छडीच्या धाकाने गप्प बसविण्याची हातोटी ही वीस वर्षांच्या अनुभवाचीच असते. मुलाची भाषा कशी वाढते, तिसऱ्या वर्षी ते ‘माझे’ म्हणून हट्ट का धरते, डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलास बळेच उजव्या हाताकडे वळवू नये, हे ज्ञान केवळ सहवासाने येत नाही. ते अभ्यासाने येते. खरा प्रश्न दोहोंचा संगम कसा व्हावा हा आहे.

असा संगम एकाच व्यक्तीच्या ठायी पाहावयाचा असेल तर इंग्लंडातील सुसान आयझॅक्स ह्या बाईंकडे पाहावे. १८८५ साली लॅंकेशायरमध्ये जन्मलेल्या ह्या मुलीस बापाने शाळेतून काढून घेतले होते. पुढे मॅंचेस्टरला तिने लहान मुलांच्या शिक्षिकेचा अभ्यासक्रम घेतला, व तिची बुद्धी पाहून अध्यापकांनीच तिला पदवीच्या वर्गाकडे वळविले. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मनोविश्लेषण असा तिचा अभ्यास झाला. मग १९२४ साली केंब्रिजला माल्टिंग हाऊस नावाच्या शाळेत तिने मोजक्या मुलांसह कामास आरंभ केला. मुले काय बोलली, कशावरून भांडली, मेलेला ससा उकरून पाहावा असे त्यांना का वाटले, हे सारे ती व तिचे सहकारी लिहून ठेवीत. त्या टिपणांतून तिचे दोन मोठे ग्रंथ तयार झाले. १९३३ साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये बालविकासाचा नवा विभाग निघाला तेव्हा तिला त्याची प्रमुख नेमण्यात आले. त्या विभागात येणाऱ्या स्त्रिया कोऱ्या नसत. बालवर्गात काम करून आलेल्या असत, व तेथून पुष्कळ जणी ट्रेनिंग कॉलेजांत अध्यापिका म्हणून गेल्या. म्हणजे आधी मुले, मग ग्रंथ, मग अध्यापन, असा क्रम. ह्याच बाई ‘उर्सुला वाइज’ ह्या टोपणनावाने एका साप्ताहिकात आयांच्या व दायांच्या पत्रांना उत्तरे देत असत, हे सांगितले म्हणजे विद्वत्तेचा त्यांना किती थोडा भार वाटत होता ते कळेल.

इंग्लंडातच मार्गारेट मॅकमिलन ह्यांनी १९१४ साली डेप्टफर्डच्या गलिच्छ वस्तीत उघड्या हवेतील शिशुशाळा काढली, व १९३० साली बहिणीच्या नावाने तिच्या शेजारी तीन वर्षांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. आधी शाळा व सोळा वर्षांनी कॉलेज. भावनगरचाच क्रम येथेही दिसतो.

आता आजच्या स्थितीकडे यावे. हिंदुस्थानात बालशिक्षिकांना शिकविणारी मंडळी ढोबळ मानाने तीन दिशांनी येतात. पहिली दिशा शिक्षणशास्त्राच्या पदव्यांची. हे अध्यापक बहुधा माध्यमिक शाळेत विषय शिकवून आलेले असतात: कोणी इतिहास, कोणी विज्ञान. पाठाचे टाचण काढण्यात ते तरबेज असतात. जर्मन तत्त्ववेत्ता हर्बार्ट ह्याच्या नावाने चालत आलेल्या पायऱ्या, म्हणजे तयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन, त्यांच्या हाडीमासी खिळलेल्या असतात. बारा वर्षांच्या मुलाच्या भूगोलाला ह्या पायऱ्या उपयोगी आहेत. पण पहिल्या दिवशी आईचा पदर न सोडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीसाठी टाचणाच्या कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे? उमेदवार शिक्षिका मग टाचण अध्यापकांसाठी लिहिते व वर्गात तिला सुचेल ते करते. आणि ह्या दोहोंत काही संबंध नसतो हे दोघांनाही कळत असूनही कोणी बोलत नाही. सरावपाठाच्या दिवशी अध्यापक मागे बाकावर बसून शेरे लिहितात. त्यांनी स्वतः त्या मुलांसमोर दहा मिनिटे गोष्ट सांगून दाखवावी अशी विनंती केली, तर पुष्कळांची तारांबळ उडेल.

दुसरी दिशा गृहविज्ञानाची. दिल्लीचे लेडी अर्विन कॉलेज १९३२ साली निघाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, गृहविज्ञानाची शाखा निघाली. ह्या शाखेत बालविकास हा स्वतंत्र विषय, व त्याला जोडून प्रयोगशाळेसारखी एक बालवाडी. बडोद्याची चेतन बालवाडी ही अशीच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास जशी परीक्षानळी तशी बालविकासाच्या विद्यार्थिनीस खरीखुरी मुले समोर. निरीक्षणाची वही घेऊन एका मुलाकडे तासभर पाहावयाचे व दिसले तेवढेच लिहावयाचे, आपले मत लिहावयाचे नाही, ही शिस्त ह्या परंपरेने दिली. ह्या वाटेने आलेल्या अध्यापिकांना मुलाचे शरीर, आहार, भाषा ह्यांचे ज्ञान पक्के असते. उणीव असलीच तर ती एवढीच की प्रयोगशाळेतील बालवाडीत मुले थोडी, शिक्षिका पुष्कळ व साहित्य मुबलक असते. एका खोलीत तीन ते सहा वर्षांची तीस मुले, त्यांतच खिचडीचे पातेले, वजनकाटा व नोंदवह्या, असा संसार करणाऱ्या सेविकेची अडचण त्यांना ऐकून माहीत असते, भोगून नव्हे.

तिसरी दिशा खालून वर येण्याची, आणि ती सर्वांत अरुंद. अंगणवाडीची सेविका सरकारी भाषेत मानसेवी. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतील एखादी हुशार सेविका शिकत राहिली व नशिबाने हात दिला तर मुख्यसेविका होते, म्हणजे पंचवीस-तीस अंगणवाड्यांवर देखरेख करते. अध्यापनाच्या संस्थेत शिकविणारी म्हणून तिला जागा मिळणे दुर्मिळ. सबंध व्यवस्थेची रचनाच अशी आहे की बढती म्हणजे मुलांपासून दूर जाणे. प्राथमिक शिक्षिका पदवीधर झाली की माध्यमिक वर्ग मागते. बालवर्गातील शिक्षिका पदवीधर झाली की प्राथमिक शाळा मागते. मूल जितके लहान तितके शिक्षकाला ज्ञान कमी लागते, असा जो समज घराघरांतून आहे, तोच पगाराच्या श्रेणीतही उतरला आहे. त्यामुळे ज्यांना लहान मुलांत राहून ज्ञान आले ती माणसे अध्यापनाच्या संस्थांपर्यंत पोहोचत नाहीत, व जी पोहोचतात त्यांना तेथे राहण्यासाठी लहान मुलांची गरज पडत नाही.

ह्यावर काही ठिकाणी साधे उपाय चालू आहेत. जेथे विद्यालयाच्या आवारातच बालवाडी आहे व अध्यापकांच्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन-चार तास तिच्यासाठी राखलेले आहेत, तेथे व्याख्यानांचा सूर आपोआप बदलतो. मुलांत बसून आलेला अध्यापक उदाहरणे परदेशी पुस्तकातून देत नाही. कालच्या भांडणातून देतो. अध्यापकांच्या जोडीस एखाद्या जुन्या सेविकेला महिनाभर बोलावून घेणे हाही असाच उपाय. खर्च फारसा नाही, मात्र तिला व्यासपीठावर खुर्ची द्यावी लागते, व तेवढ्यासाठी काही ठिकाणी मन मोठे करावे लागते. मॉंटेसरी परंपरेने एक गोष्ट पहिल्यापासून कटाक्षाने पाळली आहे, ती ही की दुसऱ्यांना शिकवावयाचे असेल त्याने आधी काही वर्षे मुलांचा वर्ग चालविलेला असला पाहिजे. त्या पंथाच्या इतर सोवळ्याविषयी कोणाचे काहीही मत असो, हा नियम उचलण्यासारखा आहे.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, व २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम-आराखडा प्रसिद्ध झाला. धोरणात अंगणवाडी-सेविकांच्या शिक्षणाचीही तरतूद आहे: बारावी किंवा अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, हे बहुतेक दूरशिक्षणाने, नोकरी सांभाळून, व महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग. हा वर्ग शालेय शिक्षणखात्याच्या समूहसाधन केंद्रामार्फत व्हावयाचा आहे. महाराष्ट्रात अशा केंद्राशी संबंध येतो तो केंद्रप्रमुखांचा, आणि केंद्रप्रमुख हा बहुधा प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत मुरलेला शिक्षक असतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांतील अधिव्याख्यात्यांचेही तसेच. पहिलीच्या आधीचे मूल त्यांच्या वाट्यास आजवर आलेले नव्हते, ते आता त्यांच्या दप्तरात आले आहे. महिन्याचा तो वर्ग पंचायतीच्या खोलीत, दुपारी मुले घरी गेल्यावर भरवावयाचा, की एखाद्या अंगणवाडीतच, सकाळी मुले हजर असताना, हे धोरणात कोठे लिहिलेले नाही. ते ज्या त्या तालुक्यात ठरेल.